फळीवर उभं राहून अलास्का

आजच्या एपिसोडची सुरुवात एका कबुलीनं करतो. ती आधी केली नाही तर पुढचं सगळं पुस्तकी वाटेल.

गेल्या फेब्रुवारीत मी आणि माझा आतेभाऊ पुण्याजवळच्या एका धरणाच्या बॅकवॉटरला गेलो होतो. दीड तासासाठी दोन पॅडलबोर्ड भाड्यानं घेतले. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: सर्फबोर्डसारखीच, पण जास्त रुंद आणि जाड फळी असते. तिच्यावर उभं राहायचं आणि एका लांब वल्ह्यानं पाणी मागे ओढत पुढे जायचं. स्टँड-अप पॅडलबोर्डिंग. करणारे सगळे त्याला नुसतं 'सप' म्हणतात. सकाळी पाणी एकदम आरशासारखं होतं. लाइफ जॅकेट दिलं होतं, पण फोटोत ते नारिंगी धूड बरं दिसत नाही म्हणून मी ते काढून बोर्डच्या पुढच्या दोरीत अडकवलं. पाय बोर्डशी बांधणारी एक दोरी असते, लीश म्हणतात तिला. ती आम्हाला दिलीच नव्हती, आणि मीही मागितली नाही.

अकराच्या सुमारास वारा सुटला. पाच मिनिटांत पाण्यावर सुरकुत्या, मग लाटा. मी वळायला गेलो आणि पडलो. वर आलो तर बोर्ड दहा हातांवर. चार हात मारले, तर बोर्ड पंधरा हातांवर. वाऱ्यानं तो सरकत होता, माझ्या पोहण्यापेक्षा वेगानं, आणि माझं जॅकेट त्याच्यावर ऐटीत बसलेलं. मला पोहता येतं, सोसायटीच्या टँकमध्ये वीस-वीस फेऱ्या मारतो. पण टँकला भिंत असते ना. इथे किनारा दिसत होता आणि जवळ येत नव्हता.

ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकणारे एक मामा होते. ते हातानं पाणी मारत आले, म्हणाले, "ट्यूबला धर, अंगावर चढू नको." काठाला लागल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "वारा कुठनं येतोय ते बघितलं नव्हतं व्हय?"

घरी सांगितलं नाही. आतेभावाला मिसळ खायला घालून गप्प बसवलं.

आता यातली खरी लाजेची गोष्ट. त्या दिवशी त्या अख्ख्या बॅकवॉटरवर लांब पल्ल्याच्या पॅडलबोर्डिंगबद्दल सगळ्यात जास्त वाचलेला माणूस बहुतेक मीच होतो. उत्तरेकडच्या गार समुद्रात लोक फळीवर उभे राहून शेकडो किलोमीटर कसे जातात, हे माझं कितीतरी वर्षांचं वेड आहे. आणि त्या लोकांची पहिली इयत्ताच मी गिरवली नव्हती. त्यामुळे आजचा एपिसोड त्यांच्यावर.

हे वेड लागलं 2017 च्या जूनमध्ये. मी बीटेकला होतो, हॉस्टेलवर. कुणीतरी एक लिंक पाठवली. नकाशा, त्यावर रंगीत टिंबं, प्रत्येक टिंब म्हणजे एक बोट. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या पोर्ट टाउनसेंडपासून अलास्कातल्या केचिकनपर्यंत. शर्यतीचं नाव 'रेस टू अलास्का'. अंतर 750 मैल, म्हणजे साधारण 1200 किलोमीटर. 2015 पासून सुरू झालेली. नियम दोनच म्हणता येतील असे: इंजिन नको आणि बाहेरची मदत नको. शिडाची बोट आणा, वल्ह्याची आणा, काय वाटेल ते आणा. पहिला आला त्याला दहा हजार डॉलर, दुसरा आला त्याला सुऱ्यांचा एक सेट. तिसऱ्याला काही नाही. मला हे बक्षीस फार आवडलं होतं, अजूनही आवडतं.

त्या टिंबांमध्ये एक टिंब अगदी मागे होतं. पुढच्या शिडाच्या बोटीनं चार दिवसांत केचिकन गाठलं, आणि हे आपलं खाली कुठेतरी. नाव होतं कार्ल क्रूगर. तो बोटीत नव्हताच. तो पॅडलबोर्डवर होता, उभा, एकटा.

क्रूगर मूळचा शिडाच्या बोटींचा कप्तान, तिथल्याच ऑर्कस बेटावर राहणारा. हे लक्षात ठेवा, कारण लोकांना वाटतं की असल्या मोहिमा दंड फुगवून होतात. त्यानं आदल्या वर्षी, 2016 मध्ये, हीच शर्यत सुरू केली होती आणि बोर्डनं दगा दिल्यामुळे ती अर्धवट सोडली होती. 2017 ला तो परत आला आणि साधारण दोन आठवड्यांत केचिकनला पोचला. बोर्डवर उभं राहून ही शर्यत पुरी करणारा पहिला माणूस. हिशेब करा: 1200 भागिले 14, दिवसाला सरासरी 85 किलोमीटर. पुण्याहून रोज खोपोली, वल्हं मारत, सलग चौदा दिवस, आणि मध्ये फूडमॉल नाही.

आता त्या पाण्याबद्दल. नुसतं अंतर सांगून त्याची कल्पना येत नाही.

व्हँकुव्हर नावाचं शहर आहे आणि त्याच नावाचं एक भलंमोठं बेटही आहे, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला समांतर पसरलेलं. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधून उत्तरेकडे जाणारा जो पाण्याचा रस्ता, त्याला 'इनसाइड पॅसेज' म्हणतात. आतला रस्ता. नाव ऐकून वाटतं सुरक्षित असेल. मोठ्या समुद्राच्या लाटांपासून बऱ्याच ठिकाणी आडोसा आहे हे खरं. पण भरतीचं पाणी बेटाच्या दोन्ही टोकांनी आत शिरतं, आणि जिथे वाट अरुंद होते तिथे त्याची नदी होते. सगळ्यात बदनाम जागा म्हणजे सीमूर नॅरोज. तिथे प्रवाहाचा वेग पंधरा नॉटपर्यंत जातो, म्हणजे ताशी 28 किलोमीटर. पॅडलबोर्डवरचा तगडा माणूस तासाला सहा-सात किलोमीटर जातो. म्हणजे उलट्या प्रवाहात तुम्ही जिवाच्या आकांतानं वल्हं मारलंत तरी ताशी वीस किलोमीटरनं मागे जाल.

या चिंचोळ्या वाटेत पूर्वी पाण्याखाली एक खडक होता, रिपल रॉक. ओहोटीला त्याचं टोक पाण्याच्या जेमतेम तीन मीटर खाली असायचं. शंभराहून जास्त माणसं त्यानं गिळली. शेवटी 5 एप्रिल 1958 ला कॅनडा सरकारनं त्याच्या पोटात बोगदे खणून, त्यात हजार टनांहून जास्त स्फोटकं भरून तो उडवला. टीव्हीवर थेट दाखवलं होतं. खडक गेला, प्रवाह तसाच आहे.

क्रूगरच्या वर्षी सीमूर नॅरोजमधून जाणं सक्तीचं होतं. आणि तिथून जायचा मार्ग एकच: वाट बघणं. भरती आणि ओहोटी यांच्या मध्ये पाणी थोडा वेळ थांबतं. जोराच्या भरतीच्या दिवसांत तो थोडा वेळ म्हणजे अक्षरशः काही मिनिटं. त्या सुमाराला आत शिरायचं आणि मग उत्तरेकडे वाहणारी ओहोटी पकडून बाहेर पडायचं. हो, तिथे ओहोटी उत्तरेला वाहते आणि भरती दक्षिणेला. मला हे समजायला दोन दिवस लागले होते.

आपल्याकडे कोकणात भरतीचं गणित तोंडी असतं. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. पंचमीला पाच गुणिले पाऊण, पावणेचार. अगदी मिनिटाला मिनिट नाही, पण होडी काढायला पुरतं. सीमूरला नुसती भरतीची वेळ काढून भागत नाही. पाणी सर्वांत उंच असतं ती वेळ वेगळी आणि प्रवाह थांबतो ती वेळ वेगळी. त्यासाठी प्रवाहांचं स्वतंत्र कोष्टक असतं. ते चुकीचं वाचलंत तर तुमचा फिटनेस, तुमचा कार्बनचा बोर्ड, सगळं शून्य.

बरं, तिथून सुटलात की लागते जॉनस्टन सामुद्रधुनी. शंभर किलोमीटरहून लांब, दोन्ही बाजूंना डोंगर, एकदम घळईसारखी. उन्हाळ्यात तिथे वायव्येचा वारा वाहतो, म्हणजे उत्तरेला जाणाऱ्याच्या थेट तोंडावर. आणि आपल्याला पुढे नेणारी ओहोटीही वायव्येलाच चाललेली. म्हणजे वारा एकीकडून, पाणी दुसरीकडून. असं झालं की लाटा छोट्या, उभ्या आणि एकमेकींना खेटून येतात. ज्या प्रवाहाच्या भरवशावर तुम्ही निघालात तोच लाटा खवळवतो. सोबत यायची तर पाण्याचं येणं बरं, आणि नेमकं तेच महागात.

इथे थोडं भौतिकशास्त्र सांगतो, कंटाळा आला तर तीस सेकंद पुढे जा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वारा ताशी दहावरून वीस झाला तर तुमच्या अंगावरचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. कयाकवाला खाली बसलेला असतो, त्याचं धड तेवढं वर. सपवर तुम्ही अख्खे उभे. तुम्हीच शीड. मागून वारा असेल तर झकास, समोरून असेल तर तुम्ही उलट्या बाजूला लावलेलं शीड. म्हणून हे लोक वारा वाढला की गुडघ्यांवर बसतात, अजून वाढला की पोटावर झोपून हातानं पाणी मारतात. मी त्या दिवशी काय केलं? उभं राहून जास्त जोर लावला. वर्गाच्या पटीत वाढणाऱ्या गोष्टीशी भांडलो, अभियंता असून.

बोर्डच्या लांबीचंही एक गणित आहे. पाण्याला टेकलेली लांबी जितकी जास्त तितका सहज गाठता येणारा वेग जास्त, पण वर्गमुळाच्या हिशेबानं. भाड्यानं मिळतो तो बोर्ड साडेदहा फुटांच्या आसपास. शर्यतीतले चौदा फुटांचे किंवा त्याहून लांब. फरक पंधरा टक्क्यांचा निघतो. दिसायला किरकोळ, पण दिवसाला 85 किलोमीटर करायचे असतील तर पंधरा टक्के म्हणजे दोन तास. दोन तासांची झोप म्हणा हवं तर. बदल्यात बोर्ड अरुंद होतो, डुगडुगतो, आणि त्यावर तुमचा तंबू, जेवण, पाणी, रेडिओ, सगळं बांधलेलं असतं.

आता गार पाण्याचा मुद्दा. या भागात जूनमध्ये पाणी साधारण दहा अंशांच्या आसपास असतं. आपला अरबी समुद्र अठ्ठावीस. दहा अंश म्हणजे फ्रिजमधून काढून थोडा वेळ ओट्यावर ठेवलेल्या बाटलीचं पाणी. त्यात पडल्यावर काय होतं याचा अभ्यास मॅनिटोबा विद्यापीठातल्या गॉर्डन गीसब्रेख्त नावाच्या प्राध्यापकांनी केला, आणि उंदरांवर नाही, स्वतःवर. तीसहून जास्त वेळा स्वतःचं शरीर मुद्दाम गार करून घेतलंय त्यांनी. लोक त्यांना 'प्रोफेसर पॉप्सिकल' म्हणतात. कुल्फी सर म्हणा ना. त्यांचा सोपा नियम आहे: एक, दहा, एक.

पहिलं एक मिनिट श्वासाचं. गार पाण्याचा धक्का बसला की माणूस आपोआप मोठा श्वास ओढतो, मग धापा टाकत राहतो. तो पहिला श्वास पाण्याखाली असताना ओढला गेला तर खेळ तिथेच संपला. या एका मिनिटात पोहायचं नाही, काही करायचं नाही, फक्त डोकं वर ठेवून श्वास ताब्यात आणायचा. पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात. मग बोटं ऐकेनाशी होतात, बकल लागत नाही, दोरी धरता येत नाही, चांगला पोहणारासुद्धा बुडतो. आणि शेवटचा एक म्हणजे एक तास. शरीर थंड पडून शुद्ध हरपायला साधारण तेवढा वेळ लागतो. आपल्याला वाटतं लोक गारठून मरतात. बहुतेक जण त्याआधीच, पहिल्या मिनिटात किंवा दहा मिनिटांत जातात, आणि तो तास त्यांच्या वाट्यालाच येत नाही. तो तास कुणाला मिळतो? ज्याच्या अंगात लाइफ जॅकेट आहे त्याला.

माझं जॅकेट कुठे होतं ते सांगितलंच आहे.

म्हणून या मोहिमांमध्ये लीश, जॅकेट, अंगातला ड्रायसूट हे 'सेफ्टी गिअर' नसतं, तेच मुख्य सामान असतं. कपडे हवेनुसार नाही, पाण्यानुसार घालायचे. बाहेर लख्ख ऊन असलं, घाम आला, तरी सूट अंगातच. रेडिओ आणि सॅटेलाइट ट्रॅकर अंगावरच्या खिशात, बोर्डवरच्या पिशवीत नाही. कारण सरळ आहे: बोर्ड गेला तर पिशवी गेली. लीशमध्येसुद्धा दोन जाती आहेत, आणि हे आपल्याकडे भाड्यानं बोर्ड देणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना दोघांनाही माहीत हवं. उघड्या, साचलेल्या पाण्यात पायाला बांधायची चालते. वाहत्या नदीत पायाची लीश झाडाच्या फांदीत किंवा खडकात अडकली तर प्रवाह तुम्हाला खाली दाबून धरतो, आणि त्या जोरात वाकून पायापर्यंत हात पोचत नाही. तिथे कमरेला बांधायची, एका झटक्यात सुटणारी लीश लागते.

नदीचा विषय निघालाच आहे तर युकॉनला जाऊन येऊ. कॅनडाच्या वायव्य टोकाला युकॉन नदीवर व्हाइटहॉर्स ते डॉसन सिटी अशी 715 किलोमीटरची शर्यत असते, 'युकॉन रिव्हर क्वेस्ट'. 1999 पासून. कनू आणि कयाकची शर्यत, पण 2016 ला सपवाल्यांना प्रयोग म्हणून घेतलं. जूनच्या शेवटी असते, त्यामुळे रात्र अशी होतच नाही. लोक दोन-तीन दिवस जवळजवळ न झोपता वल्हं मारतात, आणि मग त्यांना काठावर नसलेल्या गोष्टी दिसायला लागतात. झाडांत चेहरे, पाण्यावर इमारती. हे तिथे इतकं नेहमीचं आहे की भास झाला नाही तर लोक आश्चर्य करतात. बरीच वर्षं तिथे दोन सक्तीचे थांबे होते, मिळून दहा तास. सक्तीचे अशासाठी की स्वतःहून कुणी थांबणार नाही हे आयोजकांना पक्कं ठाऊक.

आणि याच नदीवर ही अक्कल फार महागात विकत घेतलेली आहे. 1898 मध्ये क्लोंडाइकच्या सोन्यासाठी हजारो लोक इथे आले. वरच्या तलावांकाठी झाडं तोडून त्यांनी स्वतः बोटी बनवल्या. बर्फ फुटल्यावर मे महिन्याच्या शेवटी सात हजारांहून जास्त बोटी एकदम निघाल्या. बनवणारे कोण, तर कारकून, दुकानदार, शिक्षक. पुढच्या धबधब्यासारख्या उतारांवर बोटी फुटल्या, माणसं बुडाली. तेव्हा तिथले माउंटेड पोलिसांचे अधिकारी सॅम स्टील यांनी हुकूम काढला: प्रत्येक बोटीवर नंबर, अनुभवी नावाडी असल्याशिवाय उतारातून जायचं नाही, बायकामुलांनी काठानं चालत यायचं. कायद्यात असं काही आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. त्यानंतर बुडण्याचं प्रमाण एकदम खाली आलं. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. आपल्याकडच्या बॅकवॉटरला असा एक माणूस पाहिजे.

परत क्रूगरकडे येऊ. जॉनस्टन सामुद्रधुनीच्या पुढे केप कॉशन नावाचं भूशिर आहे. कॉशन म्हणजे सावधान. 1793 मध्ये जॉर्ज व्हँकुव्हरनं ठेवलेलं नाव. इथे बेटांचा आडोसा संपतो आणि थेट पॅसिफिकच्या लाटा अंगावर येतात. पुढे बेला बेला, हाइल्टसुक लोकांचं गाव, तिथून ग्रेट बेअर रेनफॉरेस्टचा किनारा. नाव 'अस्वलांचं' ते उगीच नाही. जंगल पाण्यापर्यंत आलेलं, वाळूचा पट्टा नावापुरता, आणि भरती-ओहोटीतला फरक उत्तरेकडे सहा-सात मीटर होतो. दुमजली घराएवढं पाणी रोज वर येतं नि खाली जातं. संध्याकाळी छान दिसलेल्या जागी तंबू ठोकला तर मध्यरात्री तुम्ही पाण्यात. वर सरकलात तर झाडीत अस्वलं. जेवणाचा वास येणारं काहीही तंबूत ठेवायचं नाही, टूथपेस्टसुद्धा. आणि मग डिक्सन एन्ट्रन्स, पुन्हा उघडं पाणी, आणि पलीकडे अलास्का.

हॉस्टेलवर बसून मी ते टिंब बघायचो तेव्हा सगळ्यात जास्त चिडायचो ते कशाला, तर ते थांबलेलं असलं की. पेज रिफ्रेश करायचो. तिथेच. जेवून यायचो. तिथेच. माझ्या डोक्यात हीरो म्हणजे न थांबणारा माणूस होता. आम्हाला शिकवलंच ते होतं ना, रात्रभर जागून सबमिशन करणारा तो भारी. टिंब थांबलं म्हणजे गडी दमला, एवढंच मला कळायचं.

हे नीट कळलं नोकरी लागल्यावर. आमच्याकडे रात्री रिलीज असतो. त्याआधी, दिवसाढवळ्या, शांत डोक्यानं एक कागद लिहावा लागतो: अमुक गोष्ट बिघडली तर अमुक वाजता रोलबॅक. चर्चा नाही. कारण रात्री दोन वाजता प्रत्येकाला वाटत असतं की आणखी एकच फिक्स, की झालं. दमलेल्या डोक्याला स्वतःचं दमणं कळत नाही. गार पाण्यातही नेमकं तेच होतं. शरीराचं तापमान उतरायला लागलं की आधी हात अडखळतात, मग जीभ, मग निर्णय. आणि निर्णय बिघडलाय हे ठरवणारं डोकंही तेच. म्हणून वाऱ्याची मर्यादा काठावर ठरवायची. एवढा वारा झाला की निघायचं नाही, एवढा झाला की जिथे असू तिथे काठाला लागायचं. पाण्यात गेल्यावर त्या आकड्याशी घासाघीस नाही.

2016 ला क्रूगर मोडका बोर्ड घेऊन मागे फिरला, तेव्हा ती शर्यत त्याच्यासाठी संपली. वर्षभर पुन्हा सराव, पुन्हा बोर्ड, पुन्हा पैसे. तरी फिरला. 2017 ची ती चौदा दिवसांची बातमी मी कितीतरी लोकांना सांगितली असेल. 2016 ची गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. ती मला सांगण्यासारखी वाटलीच नव्हती.

केचिकनला पोचल्यावर धक्क्यावर एक घंटा वाजवायची पद्धत आहे. त्यानंही वाजवली. जाता जाता, केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याचा त्यांना कोण अभिमान. महाबळेश्वरच्या माणसाला सांगा, तो हसेल. पुढे क्रूगर याहून वर, आर्क्टिकमधल्या नॉर्थवेस्ट पॅसेजकडेही बोर्ड घेऊन गेला. त्यावर वेगळा एपिसोड होईल.

मी मागच्या महिन्यात पुन्हा त्याच बॅकवॉटरला गेलो. या वेळी लीश स्वतःची घेतली, पायाला गुंडाळायची, टेलिफोनच्या जुन्या वायरसारखी वळ्यावळ्यांची. जॅकेट अंगात. सकाळी सातला पाण्यात, साडेनऊला बाहेर, वारा असो नसो. आतेभाऊ वैतागला, "अरे आत्ता तर मजा यायला लागली होती." काठावर ते मामा भेटले. त्यांच्यासाठी मिठाईचा बॉक्स नेला होता, तो त्यांनी ट्यूबवर ठेवला. मग लीश हातात घेऊन ओढून बघितली. म्हणाले, "हे बरंय. म्हशीला बांधत्यात तसं."

मी विचारलं, "मामा, तुम्ही किती वाजता बाहेर येता?"

"झाडाचा शेंडा हलला की."

तर मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण या सुट्टीत तारकर्लीला, गोव्याला, पवनेला बोर्ड भाड्यानं घेणार आहात, मला मेसेज येतात. लीश मागा. नाही म्हणाले तर पैसे परत मागा आणि भजी खाऊन घरी या. वारा काठाकडून पाण्याकडे वाहत असेल तर काठावर पाणी शांतच दिसतं, त्याला भुलू नका. तोच वारा तुम्हाला आत नेतो आणि परतताना तोंडावर येतो. मी त्यातच फसलो होतो. फोन पाण्यात न भिजणाऱ्या पिशवीत आणि पिशवी गळ्यात.

एपिसोड संपवताना एक खासगी निरोप. माझी आई सगळे एपिसोड ऐकते, पोळ्या लाटताना. आई, फेब्रुवारीत मी चप्पल हरवून, भिजून घरी आलो होतो आणि पाय घसरला म्हणून सांगितलं होतं, ते असं झालं होतं. इथपर्यंत ऐकलं असशील तर फोन कर. मी घरीच आहे.